भोंगा वाजला, गिरणी चाललीच नाही : एका बेतास बात चित्रपटाच्या परीक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातल्या एका दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत घडलं. पुरवणीची जबाबदारी त्या वेळी माझ्याकडे होती. त्यामुळे यातल्या निम्म्याहून अधिक चुका माझ्या आहेत आणि त्या घडल्या तशाच लिहिते आहे. चित्रपटाचं नाव, साल आणि माणसांची ओळख पटवणारे तपशील गाळले आहेत, कथेतल्याही काही गोष्टी बदलल्या आहेत. कोणी कधी काय ठरवलं, तेवढं जसंच्या तसं ठेवलं आहे. नव्यानं परीक्षणं लिहू लागलेली मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, की चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणता येतं, पण धड ना चांगला धड ना वाईट अशा चित्रपटाचं काय करायचं? त्यांना मी हीच हकिगत सांगते.

चित्रपट मराठी, आणि आमच्या गावचा. दिग्दर्शक पस्तिशीतला, इथल्या एकांकिका स्पर्धांमधून वर आलेला, पहिलाच चित्रपट करणारा. सुरुवातीचा पैसा इतवारीतल्या दोन व्यापाऱ्यांनी लावला. तो आटल्यावर मुंबईचा एक निर्माता आला. नट बहुतेक नागपूरच्या हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवरचे. आईच्या भूमिकेसाठी मात्र झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, एक नटी घेतली होती. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटकमंडळ्यांमधून दिवाळीनंतरचा सगळा हंगाम रात्र रात्र रंगमंचावर उभी राहणारी बाई. कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदाच येत होती.

कथा गिरणी बंद पडल्यावर उरलेल्या घराची. नागपुरात गिरणी म्हटलं की पहिली आठवते ती एम्प्रेस मिल. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेदजी टाटांनी ती सुरू केली होती. आज तिथे मॉल आहे. चित्रपटातल्या गिरणीला दुसरं नाव होतं, पण नागपूरकराला ते सांगावं लागत नव्हतं. भोंग्यावर घरचा दिवस सुरू व्हायचा अशी घरं या शहरात हजारांनी होती. त्यांच्यावर मराठीत कोणी चित्रपट करतंय या बातमीनंच आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता.

त्या आनंदामागे एक जुनं दुखणंही होतं. मराठी पडद्यावर आमची बोली बहुतेक वेळा हसवणाऱ्या नोकराच्या तोंडी येते, नाहीतर मग थेट कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरात. मधला विदर्भ, म्हणजे शहरातला, चाळीतला, सायकलवरून पाळीला जाणारा, कुठे दिसत नाही. नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर चित्रपट केला, तो २०२२ मध्ये आला, पण तो हिंदीत होता. राजकुमार हिरानी नागपूरचे, याचा इथे सगळ्यांनाच अभिमान. मात्र त्यांचं कामही मुंबईतलं आणि हिंदीतलं. त्यामुळे हा चित्रपट चांगला निघावा असं शहराला फार मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं.

परीक्षण लिहिणारे सर निवृत्त प्राध्यापक, मराठी शिकवलेले, अकरा वर्षं आमच्याकडे लिहिणारे. शुक्रवारी पहिल्या खेळाला जाणारे वाचक त्यांचे तारे बघून जात नसत, त्यांचा दुसरा परिच्छेद वाचून जात. तारे आमच्या मांडणीसाठी असत, सर ते नाइलाजानं देत.

अडचण काय होती

बुधवारी संध्याकाळी पत्रकारांसाठी खास खेळ झाला. रात्री दहाला सरांचा फोन आला. म्हणाले, “ताई, बेतास बात आहे.”

मला आठवतं, मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. “फसलाय” म्हणाले असते तरी बरं वाटलं असतं. फसलेल्या चित्रपटावर लिहिताना हात मोकळा असतो, वाचकालाही वाचायला मजा येते. उत्तम चित्रपटावर लिहिताना शब्द कमी पडतात, पण दिशा ठरलेली असते. बेतास बात चित्रपटाला मात्र मराठी परीक्षणात ठरलेली वाक्यं आहेत: ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘उत्तरार्धात थोडा रेंगाळतो’, ‘प्रयत्न स्तुत्य’, ‘कलाकारांची कामं चोख’. या वाक्यांनी वाचकाला काहीच कळत नाही आणि कोणी दुखावतही नाही. गेल्या अकरा वर्षांत सरांनी ती वाक्यं वापरायचं टाळलं होतं.

चित्रपटात नेमकं काय झालं होतं, ते त्यांनी त्या रात्री फोनवर जवळजवळ चाळीस मिनिटं सांगितलं. मध्यंतरापर्यंतचा चित्रपट भरलेला होता. गिरणी बंद होऊन वर्षं झाली तरी बाप पाळीच्या वेळेला उठतो, डबा मागतो, आई काही न बोलता डबा भरून देते आणि दोघं ओट्यावर बसून तो खातात. संवाद चारच. बोली अस्सल, आणि घरात जशी सहज कानावर पडते तशीच. नटीनं डब्याचं झाकण लावताना हाताचा जो एक झटका दिला होता, त्यावर सर पाच मिनिटं बोलले.

मध्यंतरानंतर मुलगा कामगारांची देणी मिळवायला कोर्टात जातो आणि तिथून सगळी माणसं भाषण करू लागतात. सरांना सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच होतं. माणसं जसजशी भावनेच्या भरात येत होती, तसतशी त्यांची बोली सुटून प्रमाण मराठी येत होती. “माणूस रागावला, रडला की आपल्या बोलीत येतो हो. इथे उलटं होतंय. आई डबा देताना ‘काहून उठले जी एवढ्या लवकर?’ म्हणते, आणि मुलगा जखमी होतो तेव्हा ‘देवा, तू हे काय केलंस!’ म्हणते. तिथं माझा विश्वासच उडाला.” शिवाय उत्तरार्धात आवाज नंतर ध्वनिमुद्रित केल्याचं कानाला स्पष्ट कळत होतं, ओठ एका ठिकाणी, आवाज दुसरीकडे.

हे ऐकताना मला वाटलं, हेच छापलं तरी काम झालं. पण फोन ठेवण्याआधी सर म्हणाले, “अजून एक सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी या चित्रपटाच्या पटकथेचा खर्डा एका नाटकवाल्या मित्रानं मला वाचायला दिला होता. कोर्टाचा भाग काढून टाका असं मी चार ओळींत लिहून दिलं होतं. दिग्दर्शकाला मी दोनदाच भेटलोय, तेही गर्दीत.”

म्हणजे ज्या भागावर ते टीका करणार होते, तोच भाग काढा असं त्यांनी आधी सांगितलं होतं आणि त्यांचं ऐकलं गेलं नव्हतं. सरांच्या मनात त्याचा काही राग नव्हता याची मला खात्री होती. वाचकाला ती खात्री कशी असणार?

समोरचे पर्याय

त्या रात्री आणि गुरुवारी सकाळी आम्ही काय काय तोलून पाहिलं, ते थोडं सविस्तर सांगते.

सरांनी लिहूच नये, हा पहिला विचार. तो सर्वांत स्वच्छ होता. पण मग लिहिणार कोण? आमच्या मुंबई कार्यालयातून परीक्षण आलं असतं, आणि तिथल्या मुलाला ‘काहून’ आणि ‘कावून’ यातला फरक कळला नसता. या चित्रपटाचं बलस्थान आणि त्याचा दोष दोन्ही बोलीतच होते. ते ओळखणारा माणूस आमच्याकडे एकच होता. नागपुरात नाटक-सिनेमाच्या वर्तुळात कोणी कोणाच्या ओळखीचं नाही असं होतच नाही. ओळखीवरून माणसं बाजूला काढायची म्हटली तर पान कोरं जाईल.

परीक्षण आठवडाभर थांबवावं, अशी सूचना आमच्या जाहिरात विभागाकडून आली. चित्रपटाची अर्ध्या पानाची जाहिरात त्याच अंकात होती, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. त्यांचं म्हणणं, छोट्या मराठी चित्रपटाला पहिले तीन दिवस तरी श्वास घेऊ द्या. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. केरळ उच्च न्यायालयात २०२३ मध्ये याच तक्रारीवर प्रकरण गेलं होतं आणि न्यायालयाच्या मदतीसाठी नेमलेल्या वकिलांनी २०२४ मध्ये सुचवलं होतं, की व्हिडिओतून परीक्षण करणाऱ्यांनी प्रदर्शनानंतर ४८ तास थांबावं. पण आमचा वाचक शुक्रवारी-शनिवारीच तिकीट काढतो. सोमवारचं परीक्षण त्याच्या काय कामाचं? शिवाय जाहिरात आलेली असताना थांबलो असतो, तर ते थांबणं विकत घेतल्यासारखं झालं असतं.

तिसरा मार्ग सगळ्यांत मोहाचा. हात सैल सोडायचा. साडेतीन तारे, ‘आपल्या मातीतला प्रयत्न’, आणि उत्तरार्धाबद्दल एक हलकं वाक्य. खरं सांगते, मी हे सरांना सुचवलं होतं. “पहिला चित्रपट आहे, सर. पुढच्या वेळी बघू.” त्यावर ते म्हणाले, “माझ्यावर विश्वास ठेवून एखादा ऑटोवाला बायको-पोरांना घेऊन गेला, आणि कोर्टाच्या भाषणांत त्याची पोरं झोपली, तर त्याचे हजार रुपये तुम्ही देणार का मी?” मी विषय सोडला.

उरला चौथा मार्ग: सरांनीच लिहायचं, मनापासून लिहायचं, आणि खर्डा वाचल्याचं शेवटी एका ओळीत सांगायचं. आम्ही हाच घेतला. निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पुढे जे बिघडलं ते हा निर्णय नीट अमलात न आणल्यामुळे.

ताऱ्यांवरून मात्र खडाजंगी झाली. सरांना अडीच द्यायचे होते. डेस्कवरच्या एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं होतं की अडीच म्हणजे लोक नापासच समजतात. त्यानं समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा दाखला दिला. तिथली टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत, किती समीक्षकांनी अनुकूल मत दिलं याचं ते प्रमाण असतं. ६० टक्क्यांना ‘फ्रेश’चा शिक्का. त्यामुळे सगळ्यांनी ‘ठीक आहे’ एवढंच म्हटलेला चित्रपट तिथे शंभर टक्के दाखवू शकतो, आणि अर्ध्या लोकांना जीव की प्राण वाटलेला, अर्ध्यांना न आवडलेला चित्रपट पन्नासवर राहून ‘रॉटन’ ठरतो. त्याचा मुद्दा एवढाच, की आकडा वाचणारा माणूस परीक्षण वाचत नाही. मुद्दा खरा होता. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष, म्हणजे अर्धा तारा वाढवा, मला पटला नाही. अडीच राहिले.

प्रत्यक्षात काय केलं

गुरुवारी दुपारी सरांचा मजकूर आला. सहाशे वीस शब्द. पहिला परिच्छेद डब्याच्या प्रसंगावर, दुसरा चित्रपटाला काय करायचं होतं यावर, तिसरा बोली सुटण्यावर, चौथा आईचं काम करणाऱ्या नटीवर, शेवटी खर्डा वाचल्याची ओळ. मला अजूनही तो त्यांच्या उत्तम परीक्षणांपैकी एक वाटतो. त्यात एक वाक्य होतं: ‘दिग्दर्शकाला गिरणी कामगार कधी भेटलाच नसावा, अशी शंका उत्तरार्ध पाहताना येते.’ मी ते वाचलं, मला ते खमंग वाटलं, आणि मी पुढे गेले.

संध्याकाळी साडेसातला एक श्रद्धांजलीची जाहिरात आली. चारशे तीस शब्दांत बसवा, असा निरोप आला. सरांना फोन केला, तो लागला नाही. कापायला मीच बसले. नटीवरचा परिच्छेद ‘सुटा’ होता, तो काढला की बाकी मजकूर सलग वाचता येत होता. शेवटची ओळही गेली. तिच्याशिवाय शेवट अधिक ठसकेबाज वाटत होता. गिरणी कामगार भेटलाच नसावा, हे वाक्य राहिलं.

शीर्षक सरांनी ‘अर्ध्या पाळीचं काम’ असं दिलं होतं. डेस्कला ते थंड वाटलं. कोणीतरी म्हणालं, ‘भोंगा वाजला, गिरणी चाललीच नाही.’ सगळे हसले. मीही. तेच लावलं.

अर्धा चित्रपट चांगला आहे, हे सांगणाऱ्या परीक्षणाला आम्ही ‘गिरणी चाललीच नाही’ असं नाव दिलं. चांगल्या अर्ध्याचा सर्वांत ठोस पुरावा, म्हणजे त्या नटीचं काम, आम्ही कापलं. वाचकाला सरांची बाजू कळावी म्हणून ठेवलेली ओळ कापली. हे सगळं एका तासात, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना झालं.

पुढे काय झालं

शुक्रवारी सकाळी नऊच्या आत त्या शीर्षकाचा फोटो शहरातल्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पोहोचला होता. फक्त शीर्षक आणि अडीच तारे. मजकूर क्वचितच कोणी पुढे पाठवला. दुपारपर्यंत खर्ड्याची गोष्टही बाहेर आली, कारण तो देणारा मित्र दोन्हीकडचा होता. मग सूर बदलला: सरांचं ऐकलं नाही म्हणून त्यांनी उट्टं काढलं. “बाहेरचे तर मारतातच, आता घरचेही,” असा एका ज्येष्ठ नटाचा संदेश मला तीन जणांनी पाठवला.

चित्रपटाला नागपुरात तीन पडदे मिळाले होते, खेळ सकाळी अकरा आणि दुपारी पावणेचारचे. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यावा, असा निर्णय राज्य सरकारनं २०१५ मध्ये घेतला होता. तरी छोट्या चित्रपटाच्या वाट्याला कामावर असलेल्या माणसाला न जमणाऱ्या वेळाच जास्त येतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. सोमवारी तीन पडद्यांपैकी एकच उरला. लोकांनी त्याचं खापर परीक्षणावर फोडलं. मी तेव्हा पुण्यातल्या एका ओळखीच्या चित्रपटगृह व्यवस्थापकाला विचारलं. तिथेही सोमवारी तेच झालं होतं, आणि आमचा अंक पुण्यात जात नाही. परीक्षणानं चित्रपट पाडला असं मला म्हणता येत नाही. मात्र शनिवार-रविवारी ज्या शे-दोनशे घरांनी जाण्याचा विचार केला असता, त्यांना आमच्या शीर्षकानं नक्की थांबवलं. ते ओझं माझ्यावर आहे.

मुंबईच्या निर्मात्याकडून बदनामीची नोटीस पाठवण्याची भाषा झाली. आमच्या वकिलांनी शांतपणे कायदा समजावला. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ ला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ला एक अपवाद आहे: लोकांपुढे निवाड्यासाठी ठेवलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेनं दिलेलं मत म्हणजे बदनामी नव्हे, आणि कर्त्याच्या स्वभावावरचं मतही चालतं, पण तो स्वभाव त्या कृतीतून दिसतो तेवढ्यापुरतंच. कायद्यातलं उदाहरणही त्यांनी सांगितलं. पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्यावरून लेखक दुबळ्या मनाचा असावा, इथपर्यंत म्हणता येतं. लेखक मुळात दुबळा आणि स्वैर आहे म्हणूनच पुस्तक तसं निघालं, असं म्हणालात की अपवादाबाहेर गेलात. आमचं वाक्य ‘शंका येते’ असं होतं, म्हणून कायद्यात बसत होतं. नोटीस आली नाही.

रविवारी रात्री दिग्दर्शकाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “मॅडम, तारे राहू द्या. कोर्टाचा भाग कच्चा आहे, मले माहीत आहे. पण माझा आजा अठ्ठावीस वर्षं गिरणीत साच्यावर होता. तो डबा त्याचा आहे. आमच्या घरी अजून आहे.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

बोली सुटण्याबद्दलही त्यानं सांगितलं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून उत्तरार्धाचे संवाद निर्मात्यानं बदलून घेतले होते आणि आवाज मुंबईत पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. वडशाच्या त्या बाईंना तीन दिवस स्टुडिओत बसवून ‘देवा, तू हे काय केलंस’ घोकून घेतलं होतं. सरांच्या कानानं जे पकडलं ते तंतोतंत खरं निघालं, फक्त त्याचं कारण त्यांनी चुकीच्या माणसाच्या माथी मारलं होतं.

दुरुस्ती

सोमवारी सकाळी मी सरांच्या घरी धरमपेठेत गेले. साच्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पडद्यावर जे दिसलं ते मी लिहायला हवं होतं. पडद्यामागं काय असेल ते मी लिहिलं.” त्यांनी माझ्या कापाकापीबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी त्याच पानावर, त्याच जागी आम्ही एक मजकूर छापला. कापलेला नटीवरचा परिच्छेद पूर्ण दिला. सरांनी खर्डा वाचला होता हे सांगितलं आणि ती ओळ पुरवणीनं कापली होती हेही. गिरणी कामगाराचं वाक्य मागे घेतलं, दिग्दर्शकाची माफी मागितली. शीर्षक मजकुराशी प्रामाणिक नव्हतं हे माझ्या सहीनं लिहिलं. अडीच तारे आणि उत्तरार्धावरचं मत बदललं नाही. यावर वरिष्ठांशी माझं वाजलं. त्यांना वाटत होतं की माफी मागतोच आहोत तर अर्धा तारा वाढवून प्रकरण मिटवावं. तसं केलं असतं तर सरांचं मतही चुकलं होतं असा अर्थ निघाला असता, आणि ते चुकलं नव्हतं.

त्याच रविवारी एका वाचनालयाच्या सभागृहात चाळीसेक लोकांसमोर सर आणि दिग्दर्शक बोलले. सुरुवातीला वातावरण तंग होतं. दिग्दर्शकानं आईच्या रडण्याच्या प्रसंगाचा चित्रीकरणाच्या जागी मुद्रित झालेला मूळ आवाज मोबाइलवर ऐकवला. बोलीत, श्वास तुटत, अर्धी वाक्यं. सभागृहात कोणी हललं नाही. सर म्हणाले, “हे असतं तर मी साडेतीन दिले असते.” दिग्दर्शक म्हणाला, “हे ठेवतो म्हटलं असतं तर निर्माता उठून गेला असता.” दोघंही खरं बोलत होते. मागून एक वयस्क गृहस्थ उभे राहिले, स्वतः गिरणीत काम केलेले, आणि म्हणाले की त्यांना कोर्टाचाच भाग आवडला, कारण त्यांची देणी खरोखर तशीच अडकली होती आणि भाषण ऐकून त्यांना बरं वाटलं. यावर सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

निष्पत्ती

चित्रपट दुसऱ्या आठवड्यात उतरला. पुढे तो ओटीटीवर आला आणि तिथे लोकांनी पूर्वार्धाचं कौतुक केलं, उत्तरार्धाला नावं ठेवली, म्हणजे जवळजवळ सरांचंच परीक्षण पुन्हा लिहिलं. नटीला त्या हंगामात वडशाच्या जाहिरात फलकांवर नावापुढे ‘चित्रपट अभिनेत्री’ असं लावून मिळालं.

सरांनी तीन महिने लिहिलं नाही. परत आले ते एका अटीवर: शीर्षक त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पान सोडायचं नाही. ती अट आम्ही सगळ्याच परीक्षणांना लावली. मजकूर कापायचा तर लिहिणाऱ्याला विचारून, फोन लागला नाही तर परीक्षण पुढच्या अंकात, असंही ठरलं. जाहिरातीचं पान आणि परीक्षणाचं पान एकमेकांसमोर न ठेवण्याचा नियम मी मागितला, तो मिळाला नाही.

आज वेगळं काय केलं असतं

शीर्षकाबद्दल वर लिहिलंच आहे. मला अधिक छळतं ते वाक्य. ते मी तीनदा वाचलं होतं, आणि तिन्ही वेळा ते चांगलं लिहिलेलं आहे म्हणून सोडलं. एक फोन पुरला असता. कर्त्याबद्दल विधान आलं, अगदी ‘शंका’ म्हणून आलं तरी, ते तपासायची बातमी समजायला हवी. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीच्या आजोबांबद्दल असं वाक्य मी कधीच सोडलं नसतं. परीक्षण ‘मत’ आहे म्हणून आम्ही त्यातलं काहीच तपासत नव्हतो, आणि मतांच्या गर्दीत एक चुकीची माहिती बसून गेली.

आवाजाबद्दलही. सरांना ओठ आणि आवाज जुळत नसल्याचं कळलं होतं. तिथंच थांबून ‘उत्तरार्धातले आवाज नंतर बसवलेले आहेत आणि त्यांत बोली नाही’ असं सरळ लिहिलं असतं, तर वाचकाला दोष कळला असता आणि कोणावर अन्यायही झाला नसता. हे मी त्यांना नंतर म्हणाले. त्यांना पटलं.

ताऱ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. ते काढून टाकावेत असं माझं मत, वाचक चिडतील असं वरिष्ठांचं. तारे आहेत.

गेल्या वर्षी त्याच दिग्दर्शकानं नव्या पटकथेचा खर्डा सरांकडे पाठवला, या वेळी मित्राच्या हाती न देता स्वतः नेऊन. सरांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि पाकीट न उघडता परत दिलं. “झाल्यावर बघतो,” म्हणाले. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. या शहरात बोली कुठे सुटते ते कानानं ओळखणारी माणसं किती आहेत? त्यांनी खर्डे वाचायचे नाहीत तर कोणी वाचायचे? परीक्षण दुसरं कोणीही लिहील, मी लिहीन. सर ऐकून घेत होते. खर्डा अजून दिग्दर्शकाकडेच आहे, आणि चित्रीकरण दिवाळीनंतर सुरू व्हायचं आहे.